निवृत्तीनंतरची सायकल : आरामशीर आणि पंधरा वर्षं टिकेल अशी कुठली घ्यावी?

हिंगणेकर_६०
३१ मेला मी निवृत्त होतोय. ३४ वर्षं कंपनीच्या बसने पिंपरीला ये-जा केली. त्याआधी शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं सायकलवर. १९८९ला स्कूटर आली, सायकल जिन्याखाली गेली आणि तिथून भंगारात. आता पुन्हा घ्यायची आहे आणि ही शेवटची असावी अशी इच्छा आहे.

मागच्या रविवारी तीन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानातल्या मुलाने २१ गिअरची, पुढे शॉकअप असलेली सायकल दाखवली. मी पूर्वीसारखी मागून टांग टाकली, पाय सीटच्या मागच्या टोकाला अडकला आणि सायकलसकट बाजूच्या रांगेवर गेलो. लागलं काही नाही, पण घरी येईपर्यंत हात थरथरत होते. त्यानंतर उरलेल्या दोन दुकानांत नुसतं बघून परत आलो.

उंची ५ फूट ६ इंच, वजन ७४, डावा गुडघा जिना उतरताना बोलतो. वापर असा : सकाळी सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत (जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, आधी थोडं थोडं), आठवड्यातून दोनदा मंडई, आणि बँक-पोस्टाची कामं. सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रॅम्पच्या खाली राहील. बजेट २५ हजार. गिअर हवेत की नकोत, स्टील की अॅल्युमिनियम, शॉकअप हवा का? जाणकारांनी सांगावं.

टेकडीवाली
काका, आगाऊ अभिनंदन! बाबांसाठी मलाही हेच विचारायचं होतं. वाचतेय.

काळा_घोडा
सरळ काळी २८ इंची घ्या. दुधवाले चालवतात ती. मी ६७ वर्षांचा आहे, माझी १९८१ची आहे आणि तिची फ्रेम, हँडल, चिमटा (पुढचं चाक धरणारा), मडगार्ड सगळं मूळचं आहे. बाकी टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र), छर्रे बदलत राहायचे. पुण्यातल्या कुठल्याही पेठेत, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे तिचं सामान मिळतं. कणा सरळ ठेवून बसता येतं, मान वर करून रस्ता बघावा लागत नाही. मोठं चाक खड्ड्यावरून तरंगत जातं. सात हजारांत विषय संपतो, उरलेल्या पैशांत वहिनींना घेऊन कोकणात जाऊन या.

मगरपट्टा_एमटीबी
काका, काळा घोडा यांच्या भावना समजू शकतो, पण ती सायकल वीस किलोच्या आसपास भरते. पार्किंगच्या रॅम्पवरून रोज वर ढकलायची आहे. आणि पावसात ते सळईचे ब्रेक क्रोमच्या रिमवर लागतच नाहीत. धायरी फाट्यापाशी पावसाळ्यात पुढे अचानक रिक्षा थांबली तर काय कराल? हायब्रिड (रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलच्या मधली) घ्या. १३-१४ किलो, अॅल्युमिनियम, डिस्क ब्रेक, २४ गिअर.

काळा_घोडा
ब्रेकचं म्हणणं मान्य. पावसात मी शंभर फूट आधीपासून ब्रेक दाबून रिम पुसत राहतो, पण ही चाळीस वर्षांची सवय आहे, नव्या माणसाला सांगण्यासारखी नाही. अॅल्युमिनियमची रिम टाकली तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

चढासाठी मात्र एक उपाय सांगतो. माझ्या सायकलला समोर ४४ दात आणि मागे १८ होते, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जायची. साठीनंतर मी मागे २२ दाती फ्रीव्हील टाकलं. आता एका फेऱ्याला साडेचार मीटर. वेग कमी झाला, पण स्वारगेटकडून पर्वतीकडे येताना उतरावं लागत नाही. खर्च दोन-तीनशे रुपये.

छर्रे_आणि_ग्रीस
२६ वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. या विषयावर मनापासून लिहायचं आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

हिंगणेकर, तुम्ही दुकानात पडलात ते चांगल्या वेळी पडलात. तुमचा पहिला प्रश्न गिअरचा नाहीच, चढण्या-उतरण्याचा आहे. माझ्याकडे साठीच्या पुढचे जे लोक पडून-लागून आले, त्यातले बहुतेक सिग्नलला थांबताना किंवा टांग टाकताना पडलेले होते. चालवताना पडलेला विरळा. मागे कॅरियरवर भाजीची पिशवी असली की पाय आणखी उंच न्यावा लागतो. म्हणून वरची नळी खाली उतरलेली फ्रेम घ्या, जिच्यात पाय पुढून घालता येतो. दुकानात तिला लेडीज सायकल म्हणतात, म्हणू देत. ७५व्या वर्षीही तुम्ही तीच चालवत असाल. दांडीवाली तोवर विकलेली असेल.

दुसरं, हँडल. ते सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर हवं. जुन्या पद्धतीच्या हँडलच्या दांडीला वर एक बोल्ट असतो, तो दोन आटे सैल करून हलकेच ठोकला की दांडी हवी तेवढी वर घेता येते (तिच्यावरच्या कमाल खुणेच्या वर मात्र घ्यायची नाही). नव्या सायकलींत हँडल चिमट्याच्या नळीवर बाहेरून आवळतात आणि ती नळी कारखान्यातूनच कापून येते. तिथे वर न्यायला जागा नसते, मग वेगळा जोडतुकडा घालावा लागतो. घेण्याआधी दुकानदाराला विचारा, हँडल किती वर जाईल? मानेचा आणि मनगटाचा सगळा हिशोब तिथे आहे.

तिसरं, शॉकअप नको. पंधरा-वीस हजारांच्या सायकलचा शॉकअप म्हणजे अडीच किलोचं लोखंड. पावसाळ्यात पाणी आत जातं, तेल कोणी घालत नाही, दोन-तीन वर्षांत जाम होतो. धक्के टायरने खायला हवेत. टायरच्या अंगावर ४०-६२२ असं काहीतरी कोरलेलं असतं : ४० ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६२२ हा रिमचा व्यास. रुंदी ३८च्या खाली घेऊ नका. हवा दगडासारखी टम्म भरू नका, ५० पौंडाच्या आसपास ठेवा, फरसबंदी ठोकळ्यांच्या रस्त्यावर फरक लगेच कळेल.

आणि इथे एक गंमत आहे जी दुकानातली नवी पोरंही चुकतात. काळ्या सायकलचं २८ इंची चाक ६३५चं असतं आणि हायब्रिडचं ६२२चं. दोन्हीला लोक २८ म्हणतात. १३ मिलिमीटरचा फरक आहे, एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायर आणायला जाताना तो कोरलेला आकडा फोनमध्ये फोटो काढून न्या.

स्टील की अॅल्युमिनियम? दोन्ही टिकतात. स्टील तडकलं तर गॅरेजमध्ये जोड लावून मिळतो, अॅल्युमिनियमला तसा जोड रस्त्यावर लागत नाही. उलट स्टील आतून गंजतं. पावसाळा संपला की सीट काढायची, सायकल उलटी करून पाणी निथळू द्यायचं, नळीत थोडं तेल सोडायचं. ही दहा मिनिटं दिलीत तर स्टील घ्या, नाहीतर अॅल्युमिनियम.

मगरपट्टा_एमटीबी
छर्रे दादा, प्रतिसाद जपून ठेवतोय. पण डिस्क ब्रेकला तुमचा विरोध आहे का?

छर्रे_आणि_ग्रीस
विरोध नाही, डोंगरात उत्तमच. पण हिंगणेकरांची सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा गाड्यांत उभी राहणार. शेजारच्या स्कूटरचा स्टँड टेकला की चकती वाकते आणि मग घासत राहते. साध्या व्ही-ब्रेकचे (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) रबर कुठेही शे-दीडशेत मिळतात आणि घरी पान्याने बदलता येतात. रिम अॅल्युमिनियमची असली की पावसात पुरेसे लागतात.

पाषाणची_आजी
मी ६४. दोन्ही गुडघ्यांना झीज आहे. सूस रस्त्याचा चढ माझ्या दारात आहे, साध्या सायकलवर मी फाटकाबाहेर पडले नसते. ई-सायकल घेतली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा एकटी पाषाण तलावापर्यंत गेले. पायडल मी मारते, ती फक्त पाठीवर हात ठेवते. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की लायसन्स, नोंदणी काही लागत नाही.

एक मात्र पदरमोड करून शिकले. पहिल्या सायकलची बॅटरी गेली तेव्हा कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं होतं आणि दुसरी बॅटरी त्या खाचेत बसेना. सायकल धडधाकट असून मोडीत काढावी लागली. दुसरी घेताना मी आधी विचारलं, सेल बदलून मिळतात का आणि कुठे? ते पुण्यातच मिळतात म्हणाल्यावरच पैसे दिले.

काळा_घोडा
आजी, गुडघ्याला खरोखर झीज असेल तर माझा विरोध मागे. पण हिंगणेकरांनी पंधरा वर्षं म्हटलंय. कुठलीच बॅटरी पंधरा वर्षं जात नाही.

पाषाणची_आजी
बरोबर. पण मी पंधरा वर्षांचा विचार करून घरात बसले असते तर आत्ताची वर्षंही गेली असती ना?

फिजिओताई
हिंगणेकर काका, गुडघ्याबद्दल थोडं. सायकल गुडघ्यासाठी चांगली, कारण वजन सीटवर असतं. पण सीट खाली असेल तर तीच सायकल गुडघा बिघडवते. आपल्याकडे सगळ्यांना सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकायला हवे असतात. तेवढी खाली घेतली की प्रत्येक फेऱ्याला गुडघा फार दुमडतो.

मोजायची पद्धत : भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात हलका बाक राहतो, तोच हवा. गुडघा पुढून दुखू लागला तर सीट खाली आहे, मागून दुखू लागला तर वर आहे. सुरुवातीला भीती वाटत असेल तर मोजलेल्या मापापेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली ठेवा आणि महिनाभरात हळूहळू वर न्या.

थांबताना सीटवर बसून राहू नका. ब्रेक दाबत पुढे सरकून सीटवरून खाली या, मग पाय टेका. पुढून पाय घालायच्या फ्रेमवर हे फार सोपं जातं.

गिअर घ्याच. जड गिअरवर दम खाऊन रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ६०-७० फेरे मारणं गुडघ्याला मानवतं. आणि सायकलने हाडांवर भार पडत नाही, त्यामुळे हाडांच्या बळकटीसाठी चालणं, जिना हेही सुरू ठेवा. सायकल आली म्हणून टेकडी बंद करू नका.

सदाशिव_४११०३०
फिजिओताई, सीट किती रुंद असावी? माझ्या मुलीने जेलची गादी आणून दिली, पहिले दोन किलोमीटर स्वर्ग आणि नंतर मांड्या घासतात.

फिजिओताई
सरळ बसून चालवायचं तर सीट मागे रुंद हवी, पण मऊ नको. बसण्याच्या दोन हाडांना टेकू मिळाला पाहिजे. फार मऊ गादीत हाडं रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. पुरुषांना तिथे बधिरता जाणवत असेल तर मध्ये खाच असलेली सीट घ्या, टोक अगदी किंचित खाली करा. आणि बधिरता टिकून राहिली तर डॉक्टरांना दाखवा, लाजू नका.

डबलसीट
हिंगणेकरांनी स्कूटरमुळे सायकल जिन्याखाली गेली लिहिलं आणि आमचं घर आठवलं. वडिलांच्या सायकलला नगरपालिकेच्या सायकल कराचा पितळी बिल्ला असायचा. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे. आम्ही भावंडं डायनॅमो टायरला टेकवून चाक हाताने फिरवत बसायचो, दिवा पिवळा व्हायचा तेवढ्यासाठी.

कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, २०१७पासून. हिंगण्याहून राजाराम पूल ओलांडला की जवळच. जुने दिवे, डायनॅमो, घंट्या, आणि दुसऱ्या महायुद्धातली घडीची बीएसए पॅराट्रूपर सायकल. नातवाला घेऊन गेलो होतो, मलाच बाहेर काढावं लागलं.

काळा_घोडा
अहाहा! आणि अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला ३ जून २०२०ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. त्या दिवशी मी माझी सायकल धुऊन पुसून ठेवली, चालवली नाही.

नदीपलीकडे
पहाटे जाणार असाल तर कुत्र्यांचं सांगते. पळ काढू नका. वेग कमी करा, जमल्यास उतरा आणि सायकल कुत्रा आणि आपल्यामध्ये धरून चालत पुढे जा. बहुतेक वेळा ते तिथेच थांबतात. पुढून पाय घालायची सायकल असली तर उतरायला क्षण लागत नाही, तीही एक जमेची बाजू. आणि हँडलला उजवीकडे आरसा लावा. साठीनंतर मान वळवून मागे बघताना हँडलही त्याच बाजूला वळतं.

आयटीतला_कारकून
खरेदीपुरती उपयुक्त माहिती : २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ झालाय. बिलावर ५ लावलाय ना, बघून घ्या.

एकटा_जीव
लेडीज सायकलवर साठीचा माणूस... सोसायटीत हसतील हो. मला तरी नाही जमणार.

पाषाणची_आजी
दादा, माझे यजमान दांडीवाल्या सायकलवरून उतरताना पडले. खुब्याचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणावर होते. हसणारे भेटायला एकदा आले. दांडी वर असावी की खाली, हे बायका-पुरुषांचं नाही, पाय किती उंच जातो त्याचं आहे.

टेकडीवाली
आजी, हे बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण मघाशी दुकानाचा पत्ता विचारत होते.

हिंगणेकर_६०
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आणि या शनिवारी वही घेऊनच दुकानात गेलो. दोन सायकलींवर आलो आहे.

अ) स्टीलची, नळी खाली उतरलेली, मागे ७ गिअर, पुढे एकच चकती ३८ दातांची. व्ही-ब्रेक, मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर सगळं बसवलेलं. टायर ४०-६२२. वजन १६ किलोच्या आसपास.
आ) अॅल्युमिनियमची, नळी तिरकी पण थोडी उंच, ३ × ८ गिअर, डिस्क ब्रेक, १४ किलो. मडगार्ड-कॅरियर वेगळे घ्यावे लागतील.

चालवायला आ हलकी वाटली. उतरायला अ. मागचं मोठं चक्र अ ला ३४ दातांचं आहे. खडकवासल्याला पुरेल का?

छर्रे_आणि_ग्रीस
अ. समोर ३८, मागे ३४ म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम अडीच मीटर. काळा घोडांच्या साडेचारशी ताडून बघा. खडकवासल्याचा रस्ता त्याच्या जवळपास निम्म्या जोरातच चढेल. सिंहगडाच्या घाटात जायचं म्हणालात तर समोर ३२ची चकती टाकून देतो.

घेताना तीन गोष्टी करा. मागचा गिअर बदलणारा सांगाडा ज्या छोट्या पट्टीवर अडकवलेला असतो तिला हँगर म्हणतात. सायकल उजव्या अंगावर पडली की ती वाकते. ती वेगळी निघणारी असेल तर आजच एक जास्तीची घ्या, कारण प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि पाच वर्षांनी मिळत नाही. दोन, ट्यूबचा व्हॉल्व मोटरसायकलसारखा आहे ना बघा, म्हणजे हवेचा दाब मोजता येतो. तीन, महिन्याभराने चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या. नवीन तारा बसतात, सैल पडतात, आणि त्या वेळी आवळल्या तर चाक वर्षानुवर्षं हलत नाही.

आणि चेन. ७ गिअरची चेन स्वस्त असते, वेळेत बदलली तर बाकी सगळं वाचतं. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनची चोविसावी पुढची पीन बरोबर १२ इंचांवर येते. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली की चेन बदला. पूर्ण एक सूत जाईपर्यंत थांबलात तर ती फ्रीव्हीलचे दात खाऊन बसलेली असते, मग दोन्हीचा खर्च.

काळा_घोडा
मी अजूनही काळीच म्हणतो, पण अ ही तिचीच धाकटी बहीण दिसतेय. घ्या.

हिंगणेकर_६०
घेतली! अ. पावती १९ हजार ८००ची, वर आरसा, मागचा लाल दिवा, हँगर आणि दाब मोजणारा पंप. हँडल दोन बोटं वर करून घेतलं.

काल मंडईतून येताना कॅरियरवर मेथी, कांदे आणि एक आख्खा भोपळा होता. लकडी पुलाच्या सिग्नलला थांबलो, पुढे सरकून उतरलो, पाय टेकला. भोपळा जागचा हलला नाही. त्या एका थांबण्याने दुकानातली भीती गेली.

आज संध्याकाळी बायको म्हणाली, मी बघते जरा. कॉलेजनंतर तिने सायकलला हात लावला नव्हता. पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला फाटकाबाहेर गेली आणि पंधरा मिनिटं आलीच नाही. मी चपला घालून शोधायला निघालो तर कोपऱ्यावरून घंटी वाजवत येत होती. सीटच्या दांडीवर आता रंगाच्या दोन खुणा केल्यात, लाल माझी, पांढरी तिची.

टेकडीवाली
काका, किती छान! बाबांची सायकल शुक्रवारी येतेय, नळी खालचीच. रविवारी खडकवासल्याला किती वाजता निघता?

हिंगणेकर_६०
पावणेसहा, राजाराम पुलापाशी. पहिल्या दिवशी धायरी फाट्यापर्यंतच जाऊ.